गिअरबॉक्स खोलण्याआधी गाडीखाली पुठ्ठा टाका

पत्र

नमस्कार. मी नागपुरात मनीषनगरला राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे. गुडघ्यांमुळे क्लचची गाडी जमेना, म्हणून ओळखीच्यांकडून २०११ची छोटी पेट्रोल ऑटोमॅटिक घेतली. आजवर काही तक्रार नव्हती. आता ८२ हजार किलोमीटर झाले आहेत. एप्रिलपासून दुपारी एसी लावून वर्धा रोडच्या गर्दीत अडकले की ३५च्या आसपास, म्हणजे दुसऱ्याचा तिसरा गिअर पडताना, इंजिन नुसतंच ओरडतं आणि मग धक्का बसतो. रिव्हर्स टाकला तर गाडी जरा विचार करून मागे सरकते. सकाळी भाजीला जाते तेव्हा मात्र सगळं ठीक! एका गॅरेजवाल्याने चौकापर्यंत चक्कर मारली आणि म्हणाला, "मॅडम, गिअरबॉक्स गेला. खोलावाच लागते. पंच्याऐंशी हजार धरून चाला." दुसरा म्हणतो, मशीनने फ्लश मारू, नवी होऊन जाईल. भाचा म्हणतो, मावशी, विकून टाक. तुम्ही सांगा. शिवाय आमचा वॉचमन वेगळाच वैतागला आहे. माझ्या पार्किंगच्या फरशीवर लाल डाग पडतात. कोणी तरी खर्रा थुंकून जातं, असा त्याचा संशय आहे आणि मी तिथे कॅमेरा लावावा असा आग्रह.

एक वाचक, मनीषनगर

उत्तर

ताई, कॅमेरा लावू नका. आज रात्री गाडी उभी केली की इंजिनाखाली एक मोठा कोरा पुठ्ठा सरकवा. टीव्हीच्या खोक्याचा चालेल. सकाळी गाडी काढण्याआधी तो ओढून बघा. वॉचमनची गंमत म्हणून तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलेलं ते वाक्य मला दोन्ही गॅरेजवाल्यांच्या निदानापेक्षा मोलाचं वाटलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, ज्याला एटीएफ म्हणतात, ते बहुतेक गाड्यांत लाल असतं. गळती इंजिनाची की गिअरबॉक्सची हे पटकन कळावं म्हणून हा रंग मुद्दाम घालतात. पुठ्ठ्यावर लालसर डाग असेल आणि तो बोटाला तेलकट लागत असेल, तर वॉचमनच्या आरोपातून सगळी सोसायटी निर्दोष सुटली.

डाग बिनरंगी असेल आणि वाळून जात असेल तर ते एसीचं पाणी, त्याची काळजी नको. हिरवा किंवा गुलाबी, पण पाण्यासारखा पातळ असेल तर रेडिएटरचं कूलंट. काळपट तपकिरी असेल तर इंजिन ऑइल. काही जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचं तेलही लाल असतं. तुमच्या मापाच्या गाडीत स्टिअरिंग बहुधा विजेवर चालणारं असेल, तरी बॉनेटखाली त्या तेलाची वेगळी बाटली आहे का, तेवढं बघून घ्या. तुमच्या दोन्ही मिस्त्रींपैकी कोणी गाडीखाली वाकून पाहिल्याचं पत्रात कुठे नाही. गाडीखाली न बघता गिअरबॉक्स खोलायला निघालेल्या माणसाला मी तरी चावी देणार नाही.

गाडीचं नाव मी छापलेलं नाही. दोष कंपनीचा नसून वयाचा आहे, आणि पुढे सांगतो ते त्या काळच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांना लागू पडतं. पण ऑटोमॅटिक म्हणजे कोणती, हे आधी नक्की करू, कारण हल्ली तीन-चार वेगवेगळ्या यंत्रणांना हाच एक शब्द वापरतात. आपल्याकडे एएमटी, म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स पण क्लच-गिअरचं काम मोटर करते ती सोय, २०१४मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आली. तुमची गाडी २०११ची आहे, तेव्हा ती एएमटी नव्हे. सीव्हीटीत पट्टा आणि पुली असतात, ठरावीक गिअर नसतात. तिथे दुसऱ्याचा तिसरा पडल्याचं असं जाणवलं नसतं. उरली ती जुनी, भरवशाची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. त्या काळच्या छोट्या गाड्यांत तिला बहुतेक चार गिअर असत. लिव्हरवर पी (पार्किंग), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह) आणि खाली २ आणि एल असे खाचे असतील तर माझा अंदाज बरोबर आहे. पुढचं सगळं हेच धरून लिहितो. नात्यातल्या एखाद्याची एएमटी अशीच झटके देत असेल तर त्याला हे उत्तर वाचायला देऊ नका, तिची दुखणी वेगळी.

या गिअरबॉक्समध्ये सगळी सत्ता तेलाची असते. इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून तेलाच्या प्रवाहाने पुढे जाते. कुठला गिअर लागावा ते कॉम्प्युटर ठरवतो आणि छोट्या विद्युत झडपांना, म्हणजे सोलेनॉइडना, हुकूम देतो. त्या झडपा तेलाची वाट उघडतात किंवा बंद करतात, आणि तेलाच्या दाबाने आतल्या क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात. दुसऱ्याचा तिसरा होताना एक जोडी सुटते आणि दुसरी धरते. धरणारीला दाब उशिरा पोचला तर मधल्या क्षणी गाडी कुठल्याच गिअरमध्ये पुरती नसते. इंजिन मोकळं सुटल्यागत ओरडतं, आणि मग चकत्या एकदम धरतात तो तुमचा धक्का. रिव्हर्सला तर पुढच्या गिअरांपेक्षा जास्त दाब लागतो. म्हणून तेलाचा दाब कमी पडू लागला की रिव्हर्सची कुरकुर बरेचदा आधी सुरू होते. म्हणजे तुमच्या दोन तक्रारी मला दोन वाटतच नाहीत.

आता नागपूरकराला समजेल असं सांगतो. खिडकीतल्या कूलरच्या टाकीत पाणी तळाला गेलं की पंप पाण्याबरोबर हवा ओढतो, घरघरतो, आणि वरची खस अर्धी कोरडी राहते. पंप चांगला असतो, खसही चांगली असते, कमी असतं ते पाणी. गिअरबॉक्सचं तेल गळून कमी झालं की आतला पंपही तसाच हवा ओढू लागतो. तेलात फेस होतो, आणि फेसाचा दाब बनत नाही.

दुपारीच का, याचं उत्तरही इथेच आहे. तापलेलं तेल पातळ होतं, आणि पंधरा वर्षांच्या आसपास पोचलेल्या रबरी सीलांच्या कडेने निसटतं. सकाळी तेच तेल दाट असतं, दाब टिकतो, गाडी शहाण्यासारखी वागते. त्यातून तुमचा रस्ता छत्रपती चौक, अजनी असा थांबत-थांबत जाणारा. डी मध्ये ब्रेक दाबून उभं राहिलं की टॉर्क कन्व्हर्टर आतल्या आत तेल घुसळत राहतो आणि त्याची उष्णता तेलातच जाते. एसीचा भार वर. अनेक गाड्यांच्या मालक-पुस्तिकेत '३२ अंशांच्या वर, गर्दीत चालवणे' हा वापर कठीण परिस्थितीत मोडतो आणि तशा गाडीचं तेल लवकर बदला असं लिहिलेलं असतं. ३२ अंश! आपल्याकडे एवढं तापमान मार्चच्या सकाळी चहा होईपर्यंत होतं, आणि मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. पुस्तिका लिहिणाऱ्याला जो कठीण वापर वाटला तो नागपुरात रोजचा आहे. म्हणून 'या गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही' असं कुणी म्हणालं तर कुणाचं आयुष्य, ते विचारा. इथल्या गाडीला ४० हजार किलोमीटरच्या आसपास ते बदललेलं बरं, असं माझं मत आहे. तुमच्या गाडीचं ८२ हजारांत एकदा तरी बदललं का, ते जुन्या मालकांना फोन करून विचारा. सर्व्हिसची बिलं असतील तर उत्तमच.

आता तेल मोजायचं. हे काम तुम्ही स्वतः वाकून करू नका, पण तुमच्यासमोर करवून घ्या, कारण नव्वद टक्के चुका इथेच होतात आणि आकडा अतिशयोक्तीचा असला तरी भावना खरी आहे. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालून गरम झालेली हवी. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. पाय ब्रेकवर ठेवून लिव्हर सावकाश पी पासून खालपर्यंत आणि परत पी पर्यंत न्यायची, प्रत्येक खाचेत दोन-दोन सेकंद थांबत, म्हणजे सगळ्या वाटांमध्ये तेल भरतं. मग डिपस्टिक काढून स्वच्छ कापडाने पुसायची. कॉटन वेस्टने नाही, त्याचे धागे आत गेले तर झडपांत अडकतात. परत घालून काढायची आणि 'हॉट' लिहिलेल्या खुणांमध्ये तेल आहे का ते बघायचं. थंड इंजिनावर किंवा इंजिन बंद करून मोजलं तर आकडा खोटा येतो. याला अपवाद होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिक. त्यांत गाडी गरम करून, इंजिन बंद करून, मिनिट-दीड मिनिटाच्या आत मोजायचं असतं. म्हणून तुमच्या गाडीची पुस्तिका काय सांगते ते आधी वाचा. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते. तिथे गाडी लिफ्टवर समपातळीत उचलून, तेलाचं तापमान स्कॅनरवर, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर वाचणाऱ्या यंत्रावर, बघत, खालच्या बोल्टमधून पातळी तपासावी लागते. आणि चालू इंजिनाजवळ पदर, ओढणी, मोकळे केस नकोत. पंखा विचारून सुरू होत नाही.

पातळी कमी निघाली तर तेल थोडं थोडं घालायचं, एका वेळी पाव लिटरच्या वर नाही, आणि दर वेळी पुन्हा मोजायचं. जास्त झालं तरी तेल फिरत्या भागांना लागून फेसाळतं आणि पुन्हा तीच लक्षणं येतात. तेल कोणतं, यावर तडजोड नाही. ह्युंदाईच्या त्या काळच्या चार गिअरवाल्यांना एसपी-३ लागतं, होंडाच्या जुन्यांना झेड-१ आणि पुढे त्याच्या जागी आलेलं डीडब्ल्यू-१, टोयोटाच्या जुन्यांना टी-४ तर नंतरच्यांना डब्ल्यूएस. सगळी लाल, सगळी सारखी दिसणारी. पण चकत्यांनी किती घसरावं आणि किती धरावं हे त्या त्या तेलातल्या रसायनांवर बेतलेलं असतं. "सगळ्यांना चालते हे" म्हणत ड्रममधून बादलीत ओतलेलं तेल घेऊ नका. सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडला पाहिजे, आणि त्यावरचं नाव पुस्तिकेतल्या नावाशी जुळलं पाहिजे.

डिपस्टिक बाहेर आली की पातळीइतकंच रंगाकडे बघा. एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. स्वच्छ लाल असेल तर तेल चांगलं, फक्त कमी आहे. तपकिरी असेल पण वास जळका नसेल तर म्हातारं झालंय, बदला. माझा कौल तुमच्या गाडीबाबत याच बाजूला आहे. काळं आणि करपट वासाचं असेल तर चकत्या जळू लागल्या आहेत, मग पंच्याऐंशी हजारवाल्याचं म्हणणं पुरतं खोडून काढता येणार नाही. दुधाळ गुलाबी असेल तर गाडी तिथेच बंद करा आणि घरीही चालवत नेऊ नका. तो प्रकार नेमका काय, ते समजून घ्या.

बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या पोटातून जाते. ती आतून कुजली की कूलंट आणि गिअर तेल एकमेकांत मिसळतं, आणि पाण्याने क्लचच्या चकत्यांवरचं अस्तर सुटतं. नागपुरात ती का कुजते? कूलंट महाग म्हणून बोअरचं पाणी ओततात. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड. कूलरच्या जाळीवर चढतो तसा पांढरा थर रेडिएटरमध्येही चढतो, वर गंज. थरामुळे तेल नीट थंड होत नाही, आणि गंजामुळे एक दिवस दोन्ही एक होतात. तुमच्या गाडीत कूलंट आहे की नुसतं पाणी, तेही बघून घ्या, पण गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू देऊ नका. २०२३च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा ही गाडी तिकडे कुणाकडे उभी होती का? असेल तर गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीवाटे आत पाणी जाण्याची शक्यता असते, आणि मग दुधाळ तेलाचं कारण वेगळं निघतं.

तेल बदलायचं ठरलं तर फ्लशच्या मशीनला माझा नकार आहे. ती मशीन दाबाने जुनं तेल ढकलून नवं भरते. नियमित तेल बदललेल्या गाडीला ते चालूनही जाईल. पण वर्षानुवर्षं हात न लावलेल्या गिअरबॉक्समध्ये जमलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे झडपांच्या ठोकळ्याच्या, बारीक वाटांत बसतो, आणि आधी फक्त धक्का देणारी गाडी मग चालतच नाही. साधी पद्धत बरी. खालचा बोल्ट काढून जितकं निथळेल तितकं तेल काढायचं, तितकंच भरायचं. निम्म्याच्या आसपास तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून एकदा बदलून भागत नाही. पाचशे-सातशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा, आणि तरीही रंग गढूळ असेल तर आणखी एकदा. चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सखालचं तेलाचं भांडं, काढता येत असेल तर फिल्टर आणि पॅकिंगही बदलून घ्या. चेंबरच्या आत चुंबक असतात. त्यांवर राखाडी चिखल असणं नेहमीचं. बोटाला टोचणारे धातूचे कण असतील तर मिस्त्रीला फोटो काढायला सांगा. तेल बदलल्यावर काही दिवस गिअर थोडे वेगळे पडतील. कॉम्प्युटर जुन्या सवयीतून नव्याला शिकत असतो.

काळ्या, करपलेल्या तेलाबाबत गॅरेजमध्ये एक समजूत आहे की नवं तेल घातलं की जुना गिअरबॉक्स मरतो. यात थोडं तथ्य आहे, ते असं की झिजलेल्या चकत्या आधीच शेवटाला आलेल्या असतात आणि नव्या तेलाने त्यांचं सोंग टिकत नाही. मारलं ते तेलाने नाही. पण तुमचं तेल तसं निघालं तर बदलण्याआधीच हे ऐकून ठेवा, म्हणजे नंतर कोणावर खापर फोडायची वेळ येणार नाही.

गळती कुठून आहे तेही शोधावं लागेल, नाहीतर महागडं तेल फरशीवरच जाईल. नेहमीच्या जागा म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या ड्राइव्हशाफ्टची ऑइल सील, चेंबरचं पॅकिंग आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांच्या क्लिपा. आपल्या उन्हात रबर कडक होतं, त्यामुळे नळी आणि क्लिप दोन्ही बदलायला फार विचार करू नका. इंजिन ऑइल थोडं जळून कमी होऊ शकतं. गिअरबॉक्सचं तेल जळायला कुठे जात नाही, ते कमी झालं म्हणजे बाहेर गेलंच.

समजा पुठ्ठा कोरा निघाला, तेलही भरलेलं आणि लाल. मग? मग स्कॅनर लावा, आणि दुपारी, गाडी नखरे करत असतानाच लावा. सकाळी थंड गाडीवर लावून "काही नाही मॅडम" ऐकायला जाऊ नका. कोडचा आकडा कागदावर लिहून घ्या. पी०७०० म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काही तरी तक्रार आहे एवढंच, त्यावरून काहीच ठरवू नका, त्याच्या सोबतचा दुसरा कोड बघा. पी०७३१ ते पी०७३४ हे पहिल्या ते चौथ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नसल्याचे. तुमच्या गाडीला पी०७३३ आला तर मला नवल वाटणार नाही. पी०७१७ आणि पी०७२२ वेग मोजणाऱ्या सेन्सरचे, पी०७५०च्या पुढचे सोलेनॉइडचे. सोलेनॉइड तापल्यावरच बिघडणं हाही ओळखीचा प्रकार आहे, आणि तो गिअरबॉक्स न खोलता, बरेचदा चेंबर काढून, बदलता येतो. पण त्याआधी कनेक्टर काढून तेल शिरलंय का, पिन हिरव्या पडल्यात का, बॅटरीचं अर्थिंग घट्ट आहे का, हे बघायला पाच मिनिटं लागतात आणि त्याचे पैसे कोणी घेत नाही. बॅटरी जुनी असेल तर तीही तपासा. व्होल्टेज पडलं की कॉम्प्युटर विचित्र वागतो.

लिव्हर कुठल्या खाचेत आहे ते कॉम्प्युटरला कळवणारा इनहिबिटर स्विच तुम्ही घरीच पारखू शकता. गाडी पी आणि एन दोन्हींत सेल्फ घेते का, रिव्हर्सचे दिवे दर वेळी लागतात का, डॅशबोर्डवरचं अक्षर लिव्हरशी जुळतं का. एकदाही चुकलं तर संशय तिकडे. आणि गाडी सुरुवातीपासूनच जड, एकाच गिअरमध्ये अडकल्यासारखी वाटली, आणि बंद करून चालू केल्यावर ठीक झाली, असं कधी झालंय का ते आठवा. बिघाड जाणवला की कॉम्प्युटर गाडी एका मधल्या गिअरवर, बऱ्याच जुन्या चार गिअरवाल्यांत तिसऱ्यावर, रोखून धरतो. ते बचावासाठी असतं. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, म्हणजे कॉम्प्युटरच्या मते अजून फार बिघडलेलं नाही, हीही चांगली खूण.

धक्क्याचं खापर गिअरबॉक्सवर फोडण्याआधी इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ती रबरं, बघून घ्या. पाय ब्रेकवर घट्ट ठेवून, गाडीसमोर कोणीही उभं नसताना, डी आणि आर मध्ये लिव्हर फिरवा आणि बाजूने कोणाला तरी इंजिनाकडे बघायला सांगा. इंजिन उडी मारत असेल तर रबर गेलं आहे. इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीतला काजळीचा थर आणि म्हातारे स्पार्क प्लगही गिअरच्या झटक्याचं सोंग घेतात. फरक आरपीएमच्या काट्यावर कळतो. काटा वर पळाला आणि गाडीचा वेग तिथेच राहिला तर गिअर स्लिप होतोय. काटाच अडखळला तर दुखणं इंजिनात. तुमचं 'ओरडतं' हे पहिल्यातलं वाटतं, तरी एकदा काट्याकडे लक्ष द्या. एसी लावल्यावर रेडिएटरचा पंखा फिरतो का, तेही.

परीक्षेसाठी तुमच्या दारात उत्तम रस्ता आहे. वर्धा रोडचा डबल डेकर उड्डाणपूल, तीन किलोमीटरच्या वर लांबीचा. पुलाखालच्या सिग्नलांत पहिले तीन गिअर आणि तापमान कळतं. मग पुलावर जाऊन ५०-६०च्या वेगाने, पाय हलका ठेवून एकसारखी चालवा. गाडी बारीक थरथरली, आणि एक्सलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श केल्यावर थरथर थांबली, तर टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच, म्हणजे एकसारख्या वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, घसरतोय. हेही बरेचदा नव्या, योग्य तेलाने सुधारतं. डावा पाय सवयीचा नसेल तर हा प्रयोग भाच्याला करू द्या, आणि मागे गाडी नसताना. मिस्त्रीला बाजूला बसवून दुपारी तीनला हीच चक्कर मारा. चौकापर्यंत जाऊन यायचं निदान मला मान्य नाही.

आता भाच्याचं. २०११ची गाडी २०२६मध्ये पंधरा वर्षांची होते. त्यापुढे आरटीओत फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवावी लागते, पर्यावरण कर वेगळा. तेव्हा पंच्याऐंशी हजार ओतायचे की नाही, हा प्रश्न तो विचारतोय ते बरोबर आहे. चुकतंय ते एवढंच की आज विकली तर गिऱ्हाईक धक्का बघून किंमत पाडेल, आणि बिघाड कदाचित एका ऑइल सीलचा निघेल. आधी पुठ्ठा, तेल, स्कॅनर. विकायची ती त्यानंतर विका, नीट चालणारी.

आणि या सगळ्यातून जाऊन तेल काळंच निघालं, चुंबकावर धातू सापडला, तर आणखी एक चाचणी मागा. गेज लावून तेलाचा दाब मोजायची. त्यातही दाब पडला तर गिअरबॉक्स खोलावा लागेल, मग मी अडवणार नाही. फक्त त्या वेळी लेखी घ्या की टॉर्क कन्व्हर्टरचं काय करणार, रेडिएटरमधली तेलाची नळी धुणार की बदलणार, काढलेले भाग परत देणार का, आणि गॅरंटी किती महिन्यांची. पंच्याऐंशी हजारांत यातलं काय आहे हे त्या गॅरेजवाल्याने सांगितलेलं नाही. जुन्या गाडीतून काढलेला दुसरा गिअरबॉक्स बसवायचा प्रस्तावही येईल. तो कुठल्या गाडीचा, किती चाललेला, हे कागदावर नसेल तर नको.

तोवर गाडी वापरायची असेल तर सकाळ-संध्याकाळ वापरा. मोठ्या सिग्नलला एन मध्ये टाकून ब्रेकवर थांबा, पण चालत्या गाडीत एन नको. रिव्हर्सला गाडी पूर्ण थांबल्यावर टाका आणि ती मागे ओढू लागेपर्यंत एक्सलरेटर दाबू नका. रस्त्यात बंद पडलीच तर मदतीला धावलेल्या भाऊंना दोर बांधून ओढू देऊ नका. इंजिन बंद असताना पुढची चाकं फिरली की आतला पंप फिरत नाही, तेल पोचत नाही, आणि दोन-चार किलोमीटरमध्ये चांगला गिअरबॉक्सही खराब होऊ शकतो. अख्खी गाडी वर घेऊन नेणारा फ्लॅटबेडच बोलवा. तुमच्या विम्यात रोडसाइड असिस्टन्स असेल तर त्याचा नंबर आजच फोनमध्ये टाकून ठेवा.